एकास साडेबावीस

शिरोली एमआयडीसीत सगळं मिळतं, रेल्वे तेवढी नाही. फाउंड्र्या आहेत, मशीन शॉप आहेत, पॅटर्नवाले, शॉट ब्लास्टिंगवाले, वजनकाटे, ट्रान्सपोर्टवाले आहेत, रात्रपाळी सुटल्यावर गरम भजी देणारी गाडीसुद्धा आहे. इथलं कास्टिंग ट्रॅक्टरच्या, पंपाच्या, ट्रकच्या पोटात बसून देशभर फिरतं. पण गेटाबाहेर पडतं ते हायवेनंच. पंचगंगेच्या अलीकडं आम्ही, पलीकडं कोल्हापूर. कोल्हापुरातून सुटलेली गाडी गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी, हातकणंगले करत मिरजेला जाते. आमच्या वाट्याला येतो तो वारा तिकडून असला तर लांबवरचा भोंगा, आणि तोही शेजारच्या फर्नेसची घरघर थांबलेली असेल तर.

तेव्हा आम्ही आमच्यापुरती रेल्वे आणली. परड्यात.

परडं म्हणजे फार काही नाही. पुढं शेड, शेडमागं घर, घरामागं गुंठाभर मोकळी जागा. तिथं कढीपत्ता, गवती चहा, अळू, शेवगा, आणि दरवर्षी मोहोर धरून एकही आंबा न देणारं एक आंब्याचं झाड. या सगळ्यांच्या मधून, जमिनीपासून वीतभर उंचीवर, साधारण तीस मीटर लांबीचा बंद वळसा. त्यावर एक इंजिन, तीन डबे आणि एक उघडी वाघीण.

एमआयडीसीत कुठलीही वस्तू बघितली की माणूस पहिल्यांदा तिचा दर काढतो. इंजिनाची चाकं लेथवर होती त्या दिवशी शेजारच्या शेडचे मालक सहज आत आले. चाक हातात घेऊन त्यांनी उलटंसुलटं केलं, अंगठ्यानं फिनिश बघितली.

“कुठल्या कंपनीचं घेतलंय?”

“घरचंच आहे.”

“क्वांटिटी?”

“आठ नग.”

“महिन्याला?”

“जन्माला.”

ते चाक जागेवर ठेवून निघून गेले. आमची ऑर्डर बुक आटली असल्याची बातमी दुपारच्या चहापर्यंत टपरीवर पोहोचली होती.

या छंदात पहिला प्रश्न मापाचा. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुलं. तिथल्या गाड्या एकास सत्याऐंशी या मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीचा सत्याऐंशीवा भाग, आणि रूळ साडेसोळा मिलिमीटरचा. बघताना डोळे निवतात. पण ते सगळं छपराखाली आहे. साडेसोळा मिलिमीटरचा रूळ परड्यात टाकला तर शेवग्याची एक काडी पडली की अपघात, आणि मुंग्यांची रांग आडवी गेली की गाडी लेट. बाहेरच्या मातीवर धावायचं तर अंगानं जरा थोराड गाडी हवी.

ती सोय जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीनं १९६८ साली केली. त्यांनी पंचेचाळीस मिलिमीटरचा रूळ आणि एकास साडेबावीस हे माप धरलं. हे दोन आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा सवयीनं गुणाकार केला: पंचेचाळीस गुणिले साडेबावीस, एक हजार साडेबारा. म्हणजे एक मीटर आणि वर थोडं. म्हणजे मीटरगेज! आणि मिरज-कोल्हापूर मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज होईपर्यंत मीटरगेजच होता. न्यूरेंबर्गच्या माणसानं डोळ्यांपुढं आल्प्समधल्या डोंगरी गाड्या ठेवल्या असतील. माप मात्र आमच्या रुकडी-हातकणंगल्याचं निघालं. ब्रॉडगेज याच मापात करायचं म्हटलं तर रूळ साडेचौऱ्याहत्तर मिलिमीटरचा लागतो, आणि तो तयार कोणी देत नाही. बार्शी लाइट रेल्वेचं अडीच फुटी गेज पंचेचाळीसच्या रुळावर बसवायचं तर माप एकास सतरा होतं. माथेरानची दोन फुटी राणी बत्तीस मिलिमीटरच्या रुळावर एकास एकोणीसनं बरोबर बसते. आपल्याकडं साहेबानं इतकी गेजं करून ठेवली की १९७१ नंतर काही वर्षं एकट्या मिरज स्टेशनात तीन मापांचे रूळ नांदत होते. त्यातलं एक तरी बाजारातल्या रुळाशी जुळलं हे नशीब.

बाजारातून गाडी आणायची म्हटली तर तिथं सरकार उभं. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० साली वीसवरून साठ टक्क्यांवर गेली, २०२३ मध्ये सत्तरवर. छोटी रेल्वे कायद्यानं खेळणंच. देशी खेळण्यांचा धंदा वाढावा हा हेतू चांगला आहे, आणि निदान आमच्या परड्यापुरता तो सफळ झाला. मोटर, गिअर आणि रूळ तेवढे विकत, बाकी सगळं शिरोलीचं.

इथं एक गोष्ट मान्य करायला हवी: अशी रेल्वे करायला शिरोलीसारखी जागा नाही. पॅटर्नवाल्याला लहानमोठ्या मापाचं काही समजावून सांगावं लागत नाही. तो आयुष्यभर वस्तू मुद्दाम मोठी करत आलेला असतो, कारण ओतलेलं बीड थंड होताना मीटरमागं दहाएक मिलिमीटर आकसतं. त्याच्याकडं त्यासाठी वाढीव खुणांची वेगळी पट्टीच असते. त्याला इंजिनाच्या बॉयलरचा लाकडी साचा मागितला तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, “श्रिंकेज धरायचं, का न धरता?” मोल्डिंगवाल्यानं खडीच्या बाबतीत वाचवलं. भट्टीतून निघालेली काळी जळकी वाळू शिरोलीत फुकट. उलट घेऊन जाणाऱ्याला चहा पाजतील. ती रुळाखाली अंथरावी असं कोणालाही वाटेल. तो म्हणाला, “नको दादा, त्यात बेंटोनाइट असतंय. पाणी लागलं की फुगतंय, मग रूळ वर येतोय.” बरोबरच आहे. ज्या मातीमुळं साचा धरून राहतो तीच मुरूमकाम बिघडवणार. शेवटी टोपच्या खाणीकडची क्रशरची बारीक कच आणली. पाणी खाली जातं, कच जागेवर राहते.

आमचा टर्नर मात्र चाकांवरून अडला. गाडीचं चाक सपाट नसतं. रुळावर टेकणारी बाजू आतून बाहेर किंचित उतरती असते, आपल्या खऱ्या रेल्वेत वीसास एक. ड्रॉइंगवर तो टेपर बघून तो म्हणाला, “एवढ्याशा चाकाला कशाला? कड हाय की पडू नये म्हणून.” त्याला वाटत होतं, आणि बहुतेकांना वाटतं, की गाडी चाकाच्या कडेमुळं रुळावर राहते. मग टपरीवरचे कागदी कप कामाला आले. दोन कप तोंडाला तोंड लावून चिकटवले आणि दोन समांतर सळ्यांवरून सोडले. जोडी मुद्दाम वाकडी सोडली तरी डगमगत, सावरत मध्यावर येऊन सरळ गेली. एका बाजूला सरकली की त्या बाजूचा कप जाड भागावर येतो, जास्त अंतर कापतो आणि जोडीला परत ओढतो. नंतर कपांचे बूड एकमेकांना चिकटवून सोडले. दोन हात गेले नाहीत तोवर खाली. टर्नरनं दोन्ही प्रकार पुन्हा पुन्हा करून बघितले, डिस्पॅचची गाडी दारात उभी असताना. मग बोलला, “म्हंजे कड नुसती पोलीस हाय. काम टेपर करतोय.” रेल्वेच्या चाकावर इतकं नेमकं वाक्य मी पुस्तकात वाचलेलं नाही. आठ चाकं त्यानं अशी दिली की व्हर्निअरला बोलायला जागा ठेवली नाही.

आता मुद्द्यावर येतो. एकास साडेबावीस म्हटलं की वाटतं सगळं साडेबावीसपटीनं सोपं झालं. काही गोष्टी खरंच गुमान लहान होतात. लांबी होते. वजन तर लांबीच्या तिप्पट आज्ञाधारक: साडेबावीसचा घन अकरा हजार तीनशे नव्वदच्या आसपास, म्हणून चाळीस टनांचं इंजिन साडेतीन किलोचं. आमचं जवळपास तेवढंच भरलं. वेगही ऐकतो. ताशी साठ किलोमीटर म्हणजे इथं सेकंदाला पाऊण मीटर. सकाळी फिरायला निघालेले कुणीही आजोबा आमच्या एक्स्प्रेसला मागं टाकतील. या वेगानं परड्याला एक फेरी घालायला चाळीस सेकंद लागतात आणि खऱ्या मापात पावणेसातशे मीटर अंतर कापलं जातं. चोवीस डब्यांची गाडी लावली तर इंजिन स्वतःच्याच शेपटीला हुंगत फिरेल. मिरजेपर्यंतचे सत्तेचाळीस किलोमीटर प्रामाणिकपणे कापायचे तर सत्तर फेऱ्या, म्हणजे सत्तेचाळीस मिनिटं. पाहुण्यांपैकी बहुतेक जण गूळ मार्केटलाच उतरतात. रुकडीपर्यंत टिकला तो माझा मित्र.

पण पाऊस लहान होत नाही.

जोराच्या सरीतला तीनेक मिलिमीटरचा थेंब आमच्या डब्याच्या टपावर पडतो तो खऱ्या मापात चिक्कूएवढा. कोल्हापूर शहरात वर्षाला सुमारे हजार मिलिमीटर पाऊस होतो. डब्यातल्या उतारूंच्या दृष्टीनं तो बावीस मीटर. मुंगळा त्यांच्यासाठी खारीएवढा, बेडूक पुरुषभर उंच, आणि शेजारचं मांजर हत्तीपेक्षा मोठं. हे मांजर रोज दुपारी एका वळणावर, उन्हानं तापलेल्या रुळांवर, अंग पसरून झोपतं. त्याला हटवायला इंजिनाचा भोंगा वाजवून उपयोग नाही. एक डोळा उघडून ते गाडीकडं अशा नजरेनं बघतं की ड्रायव्हर असता तर त्यानं राजीनामा दिला असता.

ऊनही लहान होत नाही. पितळेचा रूळ डिसेंबरच्या पहाटे आणि एप्रिलच्या दुपारी सारखा नसतो. चाळीस अंशांचा फरक पडला तर तीस मीटरला सव्वादोन सेंटिमीटर वाढतो. ती वाढ सांध्यांत वाटून ठेवावी लागते, नाहीतर रूळ वळणावर फुगून बाहेर येतो. मोठ्या रेल्वेत यासाठी माणसं असतात, नियम असतात, रुळाच्या तापमानाच्या नोंदी असतात. इथं मी असतो आणि फीलर गेज असतो. हिवाळ्यात ठेवलेल्या फटी बघून भंगारवाला एकदा म्हणाला, “जोड ढिलं झालंय, काढायचं का?” त्याची नजर जोडावर नव्हती. त्यानं पितळेचं वजन मनात केलं होतं, आणि आकडा किलोभरानंही चुकला नव्हता.

शिरोलीचा म्हणून एक वेगळा पाऊसही असतो. फेटलिंगची, ग्राइंडिंगची बारीक धूळ हवेतून येते आणि रुळावर बसते. रुळातून वीज देऊन गाडी चालवली तर चाक आणि रूळ यांच्यामध्ये हा थर येतो आणि इंजिन उचक्या देत चालतं. त्यावर घरच्या मंडळींनी रोज रूळ पुसण्याची सूचना केली होती, अर्थात मला. पण खरी गंमत मोटरची. तिच्यात चुंबक असतो आणि शिरोलीच्या हवेत लोखंड. इंजिन पोटाकडून उघडलं की आत काळी, केसाळ मिशी उगवलेली. ब्रशनं जात नाही, फुंकरीनं जात नाही. मळलेल्या कणकेचा गोळा दाबून उचलावी लागते. शेवटी मोटर बंद डबीत घातली आणि रुळातली वीजच काढून टाकली. आता मागच्या डब्यात लॅपटॉपमध्ये असतात तसे लिथियम सेल बसतात आणि गाडी रिमोटवर चालते. खऱ्या रेल्वेनं वाफेकडून विजेकडं यायला कित्येक दशकं घेतली. आम्ही रुळातल्या विजेकडून बॅटरीकडं एका उन्हाळ्यात आलो. वाफेचंही इंजिन मिळतं म्हणा, गॅसवर पाणी उकळणारं, पेलाभर पाण्याचं. ते आणायचं बोलणं निघालं तेव्हा एका हितचिंतकानं बॉयलर इन्स्पेक्टरची भीती घातली. बॉयलरचा कायदा पंचवीस लिटरच्या वरच्या भांड्यांना लागतो. चहावाल्याचं पातेलंसुद्धा आमच्या बॉयलरपेक्षा मोठं, आणि तो बिचारा परवान्याशिवाय रोज वाफ काढतो.

आणि भूसंपादन! ते तर कुठल्याच मापात लहान होत नाही. नकाशाप्रमाणं रूळ अळवाच्या वाफ्यातून जात होता. सौभाग्यवतींनी नकाशा बघितला, चष्मा काढून ठेवला आणि सांगितलं, “अहो, अळवाला हात लावायचा नाही. पुलावरनं न्या, न्हायतर बोगद्यातनं. मला विचारून लावलंय का हे?” विचारलं नव्हतं, हे मान्य करणं भाग होतं. तीन दिवसांच्या वाटाघाटींनंतर मार्ग बदलला, वाफ्याला ठिबकची नळी मोबदला म्हणून मंजूर झाली, आणि वळणावर रूळ अळवाच्या पानांखालून गेला. आता तोच आमचा बोगदा. पावसाळ्यात पानं सुपाएवढी होतात, गाडी आत जाते ती दोन सेकंद दिसत नाही, आणि बाहेर येताना टपावर पाण्याचे मोती घेऊन येते. प्रकल्पबाधितांचं पुनर्वसन इतकं समाधानकारक झाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही. शिवाय एक मालवाहतुकीचा करार झाला: परड्याच्या टोकाला असलेला कढीपत्ता तोडून उघड्या वाघिणीत टाकायचा आणि स्वयंपाकघराच्या पायरीपाशी गाडी थांबवायची. आमच्या रेल्वेची ही एकमेव कमाई. फोडणी गाडीच्या वेळेवर होते, का गाडी फोडणीच्या वेळेवर येते, यावर घरात दोन मतं आहेत.

अशा गाड्या मराठी घरांना नव्या नाहीत. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावरून चांदीची गाडी फिरते. तिच्या वाघिणींत दारूच्या सुरया असतात आणि पाहुण्यानं सुरई उचलली की गाडी थांबते. थांबणं-चालणं ग्राहकाच्या हातात, अशी रेल्वे ती एकच असावी. बडोद्याच्या गायकवाडांनी १८६२ साली डभोई ते मियागाम अरुंद गेजचा रूळ टाकला, देशातला पहिला, आणि त्यावर सुरुवातीला गाड्या ओढायला बैल जुंपले. मला ही कल्पना फार आवडते. रूळ इंग्रजी, गाडी इंग्रजी, हॉर्सपॉवर मात्र आपली. बार्शी लाइट उभी करणारा एव्हरार्ड कॅल्थ्रॉप तर आमच्या जातीचा माणूस. १८९७ साली बार्शीपर्यंत अडीच फुटी गाडी नेताना त्यानं गाडीच्या प्रत्येक आसावर सारखं, पाच टनांच्या आतलं वजन टाकायचं हे तत्त्व धरलं. लहान रूळ म्हणजे मोठ्या रुळाची केविलवाणी नक्कल नव्हे, त्याचं स्वतःचं गणित असतं, हे त्यानं दाखवलं. ती गाडी पुढं १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आली. पुण्याच्या पेशवे पार्कातल्या फुलराणीत, जी १९५६ साली सुरू झाली, बसलेले कितीतरी गृहस्थ आज पुण्यात निवृत्त आहेत आणि ते अजून तिच्याविषयी कालच उतरल्यासारखं बोलतात.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या हळू चालतात. आम्हीही जूनपासून पावसाळी वेळापत्रक लावतो. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीस फुटांवर गेली की इशारा, त्रेचाळीसला धोका. परड्यात पाण्याच्या टाकीखालची दुसरी वीट भिजली की इशारा, तिसरीला गाडी शेडमध्ये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला, ट्रकांच्या रांगा लागल्या, मिरजेची गाडीही बंद झाली. तेव्हा परड्यातली गाडी धुऊन, तेल घालून कपाटात होती. पुराच्या पाण्यात खेळ काढण्याची कोणाची इच्छा नसते. माथेरानची खरी गाडीही २००५ च्या जुलैतल्या पावसात वाहून गेलेल्या मार्गामुळं दोनेक वर्षं बंद होती, तिथं आमची काय कथा.

राहता राहिला वैभववाडीचा प्रश्न. कोल्हापूरकराला रेल्वे म्हटलं की तो दोन गोष्टी बोलतो: मुंबईचं रिझर्व्हेशन मिळत नाही, आणि वैभववाडीचं काय झालं? कोल्हापूर ते वैभववाडी हा सुमारे एकशे सात किलोमीटरचा, सह्याद्री उतरून कोकण रेल्वेला मिळणारा मार्ग २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला. त्यानंतर सर्वेक्षण, आराखडा, खर्चाचे नवे आकडे हे सगळं झालं. आमच्याकडं येणारा प्रत्येक पाहुणा अळवाच्या बोगद्यातून गाडी बाहेर आली की विनोद करतो, “ही वैभववाडीची का?” एकानं तर खडूनं विटेवर तसं लिहूनही ठेवलं. मी हिशेब करून बघितला. एकशे एकोणसाठ फेऱ्या. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी बसलं तर जेवायच्या वेळेच्या आत माणूस कोकणात उतरतो. घाट चढणं-उतरणं मात्र आमच्या आवाक्याबाहेर. बोरघाटात सदतीसास एक असा चढ आहे; तेवढा चढ परड्यात बांधून बघितला, तर तीन डबे घेऊन इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात. दव पडलेलं असलं तर एका डब्यालाही ना. मोठ्या रेल्वेत अशा वेळी रुळावर वाळू सोडतात. शिरोलीत वाळूला तोटा नाही, हा एक भाग सोडला तर सह्याद्री आम्हालाही जड जातो.

त्यामुळं मी नव्या मार्गाच्या नादाला न लागता जुन्या मिरज-कोल्हापूरच्या मागं लागलो आहे. कोल्हापूर संस्थानानं स्वतःच्या पैशानं बांधलेल्या या मार्गाचं काम सुरू झालं १८८८ साली, शाहू महाराजांच्या हस्ते. महाराज तेव्हा जेमतेम तेरा-चौदा वर्षांचे. ज्या वयात पोरं खेळण्यातल्या गाडीसाठी हट्ट करतात त्या वयात त्यांनी खऱ्या रेल्वेची कुदळ मारली, आणि १८९१ मध्ये गाडी धावलीसुद्धा. पुढं याच मार्गावर वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडमधून देशोधडीला लागलेल्या सुमारे पाच हजार माणसांची छावणी होती, बहुतेक बाया आणि पोरं. आज तिथं गांधीनगरचा कापडबाजार आहे. ती पोरं मिरजेहून मीटरगेजच्या गाडीनंच आली असणार. मला तो डबा करायचा आहे.

सांगाडा झाला आहे. पत्रे वाकवून झाले, खिडक्यांच्या लाकडी झडपा पॅटर्नवाल्यानं उरलेल्या सागवानातून कापून दिल्या, मिलिमीटरभर जाडीच्या. अडलं आहे ते रंगावर. जुन्या माणसांना विचारत सुटलो. एक जण म्हणतात गडद लाल, दुसरे शपथेवर सांगतात हिरवट, तिसऱ्यांना वर पांढरा पट्टा आठवतो. आधी वाटलं सगळ्यांची आठवण म्हातारी झाली. मग तारखा लावून बघितल्या. हा मार्ग आधी सदर्न मराठा रेल्वे चालवत होती, १९०८ पासून मद्रास अँड सदर्न मराठा, १९५१ पासून दक्षिण रेल्वे, १९६६ पासून दक्षिण मध्य. कंपनी बदलली की बोर्ड बदलतो, रंग बदलतो. ज्याच्या त्याच्या लहानपणीचा रंग वेगळा, आणि प्रत्येक जण बरोबर असू शकतो. सध्या डब्यावर रेड ऑक्साइडचा प्रायमर आहे आणि येणाऱ्यांपैकी निम्मे तो बघून म्हणतात, “हाच! अगदी हाच रंग होता बघा.”

तेव्हा वाचकहो, घरातल्या ट्रंकेत, लग्नाच्या अल्बमात, आजोबांच्या नोकरीच्या कागदांत १९७१ च्या आधीचा कोल्हापूर, वळिवडे, रुकडी नाहीतर जयसिंगपूर स्टेशनचा फोटो असेल, तर काढून बघा. माणसांच्या मागं डबा उभा असेल, त्यावर अक्षरं दिसत असतील. कृष्णधवल असला तरी चालेल, फक्त मागं साल लिहिलेलं असावं. आणि फोटोतलं कोणी हयात असेल तर त्यांना रंग विचारा, पण एकेकट्याला विचारा. गणपतीपर्यंत वाट बघतो. तोवर काही मिळालं नाही, तर प्रायमरवरच वार्निश मारणार आहे.